पुढच्या गाडीच्या खुणा



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय तिसरा, श्लोक २० ते २६, आणि ज्ञानेश्वरीत त्यांच्यावर आलेला भाग.

एरवी हे वाचन शारजाच्या खोलीत, ड्यूटीला निघायच्या आधी होतं. सध्या सुट्टीवर घरी, धर्माबादेत आहे. पहाटेचे साडेपाच झालेत, ओसरीवर बसलोय. आईनं काल वाळलेल्या मिरच्या पोत्यात भरल्या, त्यांचा ठसका अजून हवेत आहे. मिरचीच्या बाजाराचं गाव आमचं, मे महिन्यात इथे प्राणायाम जरा जपूनच करावा लागतो.

खरं सांगायचं तर गेले तीन दिवस मी या सात श्लोकांच्या पुढे सरकलेलोच नाही. म्हणून तीन दिवस इथे काही लिहिलं नाही. काही जणांनी मेसेज करून तब्येत विचारली, त्यांचे आभार. तब्येत ठीक आहे. अडकलोय फक्त.

श्लोकांत काय आहे ते थोडक्यात. जनकासारख्यांनीही कर्म करतच सिद्धी मिळवली, तेव्हा तूही लोकसंग्रहाकडे बघून कर्म करावंस, असं कृष्ण अर्जुनाला सांगतो. श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसंच बाकीचे वागतात, तो जे प्रमाण मानतो त्याच्यामागे लोक जातात. आणि मग तो स्वतःकडे बोट करतो: मला तिन्ही लोकांत मिळवायचं असं काही राहिलेलं नाही, तरी मी काम करत राहतो, कारण माणसं माझ्याच वाटेनं येतात. या वाटेसाठी मूळ शब्द आहे 'वर्त्म'. चाकं जिथून गेली ती वाट, चाकोरी, असाही त्याचा अर्थ होतो. आणि हे सांगणारा त्या वेळी कुठे बसलाय? घोड्यांचे लगाम हातात घेऊन रथावर. ड्रायव्हर आहे तो.

इतकी वर्षं हे श्लोक मी पुढाऱ्यांसाठी, गुरूंसाठी आहेत असं समजून वाचले. श्रेष्ठ म्हणजे कुणीतरी मोठा. माझ्यासारख्या अकाउंट्समध्ये बसून बिलं जुळवणाऱ्याच्या मागे कोण येणार आहे? यंदाच्या जानेवारीतल्या एका शनिवारनं तो समज काढून घेतला. पण तेही मला लगेच कळलं नाही, एप्रिलपर्यंत वेळ गेला.

तो शनिवार सांगतो. तिकडे थंडीच्या महिन्यांत आम्ही मराठी मंडळी फोर बाय फोर गाड्या घेऊन दिवसभरासाठी वाळवंटात जातो. त्या दिवशी सात गाड्या होत्या, एकोणीस माणसं, त्यात पाच लहान पोरं. शारजाहून कलब्याकडे जाताना म्लेहा लागतं, तिथला तांबूस वाळूचा पट्टा. रस्ता सोडला की पहिलं काम टायरमधली हवा काढणं. रस्त्यावर पस्तीसच्या आसपास असलेलं प्रेशर पंधरापर्यंत आणायचं. टायर बसतो, पसरतो, जास्त वाळू पायाखाली घेतो आणि गाडी रुतण्याऐवजी वाळूवर तरंगते. (अहंकाराची हवा काढण्याचा दृष्टान्त मी तीन वर्षांपूर्वी इथेच लिहिला होता आणि तुम्ही बदामांचा पाऊस पाडला होता. आज तो नको.)

चालायची शिस्त कडक असते. सगळ्यात पुढे एक जाणता, सगळ्यात मागे दुसरा जाणता. पुढच्याला ओलांडायचं नाही, मागच्याच्या मागे राहायचं नाही. मधल्या प्रत्येकानं पुढच्या गाडीच्या खुणांवरून जायचं आणि आपल्या मागची गाडी आरशात ठेवायची. ती दिसेनाशी झाली की थांबायचं. मग आपल्या पुढचाही थांबतो, त्याच्याही पुढचा थांबतो. सगळ्यांकडे वॉकीटॉकी असतो. पुढचा माणूस सतत बोलत असतो: डावीकडे मऊ आहे, पुढे उतार आहे, वेग ठेवा, वर पोचलात की पाय काढा. नवख्याला वाटतं, किती बडबड!

आमचे पुढचे म्हणजे अण्णा. मूळ सोलापूरचे, तीस वर्षं तिकडे. त्यांच्याइतकं वाळू वाचणारा माणूस मी पाहिला नाही. सकाळी दहाला त्यांनी एका झाडाखाली सगळ्यांना थांबवलं, धपाटे आणि दही बाहेर आलं. झाड 'घाफ'चं, तिकडचा राष्ट्रीय वृक्ष. अण्णांनी पोरांना विचारलं, ओळखा. कुणालाच येईना. घाफ म्हणजे आपली शमी! पांडवांनी शस्त्रं जिच्यात लपवली, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच. मुळं खोल, अगदी खोल पाण्यापर्यंत जातात, म्हणून वाळूतही हिरवी. मी तिला हात लावून नमस्कार केला, आणि सातासमुद्रापार घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तिथून समोर 'फॉसिल रॉक' दिसतो. त्या दगडांत समुद्री जीवांचे अवशेष सापडतात, कधीकाळी हा समुद्राचा तळ होता म्हणून. पलीकडे फायाचा डोंगर, जिथे सव्वा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली. २०२५ साली तो परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या माणसाच्या अगदी सुरुवातीच्या खुणांपैकी या मानल्या जातात. त्यांच्याही पुढे कुणीतरी चालत असणारच.

न्याहारीनंतर अण्णा म्हणाले, "आता पुढे तू हो. मी मागे येतो."

माझ्या छातीत काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षं वाट बघत होतो.

अर्ध्या तासानं एक उंच टेकाड लागलं. बगल देऊन जाता आलं असतं, पण माझी गाडी मोठ्या इंजिनाची, आणि पुढे असण्याची ती पहिलीच वेळ. बाकीच्यांना अलीकडच्या उंचवट्यामागे थांबायला सांगून मी चढाला भिडलो. पहिल्यांदा निम्म्यावरच गाडी दमली. अशा वेळी वळायचं नसतं, चढावर आडवी झालेली गाडी उलटते. आलो तसाच सरळ रेषेत मागे उतरलो. दुसऱ्यांदा थोडी वर गेली. तिसऱ्यांदा लांबून पळवत आणली आणि वर गेलो, पलीकडे उतरलो. वॉकीटॉकीवर एवढंच बोललो, "झालं. या."

आणि पुढच्या टेकाडाच्या धारेवर गाडी नेऊन उभी केली, कारण तिथे ऊन फार सुंदर पडलं होतं. सोबतच्या रूममेटनं उतरून फोटो काढला. तांबडी धार, वर निळं आभाळ, मधे गाडी आणि मी.

माझ्या मागे एक नवं जोडपं होतं, सोबत चार वर्षांची मुलगी. पहिलाच सीझन, गाडी लहान इंजिनाची. त्यांनी तंतोतंत माझ्या खुणांवरून गाडी आणली. नेमकं माथ्यावर त्यांचा वेग संपला, गाडीचं पोट धारेवर टेकलं, चारही चाकं सैल पडली आणि मागची बाजू हळूहळू एका अंगाला घसरायला लागली. मुलगी आत रडत होती. ते मला ऐकू आलं वॉकीटॉकीवर. आरशात बघितलेलंच नव्हतं.

पुढची चाळीस मिनिटं फावडी, पाट्या, दोर. कुणाला खरचटलंही नाही, गाडी सुखरूप खाली आली. तो बिचारा उलट माझीच माफी मागत होता, "सॉरी दादा, माझंच चुकलं, तुम्ही तर आरामात गेलात." मी म्हणालो, "होतं असं. शिकशील." मोठेपणानं म्हणालो.

अण्णा पोरांसमोर काही बोलले नाहीत. परतताना टायरमध्ये हवा भरताना शेजारी येऊन उभे राहिले. "तो तुझ्याच खुणांवरून आला ना?" हो म्हणालो. "पण त्याला तोच चढ मिळाला का? वरचा घट्ट थर तू तीन वेळा फोडून टाकलास. तू चढलास तो चढ वेगळा होता आणि त्याला मिळाला तो वेगळा. खुणा मात्र त्याच. तू दोनदा मागे आलास, हे बोललास का त्याला?"

नव्हतो बोललो.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती, आणि मी ती एखाद्या सकाळी 'आरशात बघा' अशा मथळ्याखाली तुम्हाला सांगून मोकळा झालो असतो. पण त्या रात्री मी तो फोटो टाकला. खाली लिहिलं, माउलींची कृपा. तुमच्यापैकी अनेकांनी तो बघितला आहे.

धाकट्या चुलतभावानंही बघितला. चोवीस वर्षांचा आहे, आयटीआय केलेला वायरमन, इथेच गावात कामं घेतो, काकांच्या तीन एकर कोरडवाहूत सोयाबीनही बघतो. त्याची कमेंट होती, "दादा एक नंबर." एप्रिलमध्ये बाबांचा फोन आला. तिकडे पाठवतो म्हणणाऱ्या एका एजंटला त्यानं एक लाख वीस हजार दिले होते. एक एकर गहाण टाकून.

माझी पहिली प्रतिक्रिया सांगतो, लपवत नाही. मी बाबांना म्हणालो, "मी त्याला ये म्हटलं नव्हतं."

हेच ते वाक्य, ज्याच्यावर मी तीन दिवस अडकलोय. ते खोटं नाही. मी त्याला कधीच बोलावलं नाही. माणसाला स्वतःची अक्कल असते, कुणी कुणाचे फोटो बघून जमीन गहाण टाकली तर फोटो टाकणारा जबाबदार कसा? तसं धरलं तर कुणी आनंदानं काही करायलाच नको. शिवाय गीतेतच आधार आहे की! अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे कृष्ण अर्जुनाला मोकळं सोडतो. सगळा विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. देव जबरदस्ती करत नाही, तर मी कोण?

परवा रात्री हा युक्तिवाद मी मनातल्या मनात चांगला रंगवत होतो. मग लक्षात आलं की ते वाक्य अठराव्या अध्यायात आहे. पहिल्या नाही. आधी सगळं सांगून झालंय, अर्जुनाच्या प्रत्येक शंकेला उत्तर देऊन झालंय, विश्वरूपाचं भयंकर रूपसुद्धा दाखवून झालंय, आणि मग 'तुझं तू ठरव'. मी भावाला काय सांगितलं होतं? फोटो. म्हणजे 'झालं, या.'

खुणा एवढंच सांगतात की इथून कुणीतरी गेलं. गाडीचं इंजिन केवढं होतं, कितव्या खेपेला ती वर गेली, हे त्यांच्यात दिसत नाही. फसलेल्या दोन खेपा वारा तासाभरात पुसून टाकतो. नाही पुसल्या तर आपण पुसतो. मी घरी कधीच सांगितलं नाही की पहिली चार वर्षं आठ जणांच्या खोलीत वरच्या बंकवर काढली. पहिल्या नोकरीत तीन महिने पगार झाला नव्हता तेव्हा आईला फोनवर म्हणायचो, बँकेचा काहीतरी प्रॉब्लेम आहे. फोटोतली ती गाडी अर्धी माझी, अर्धी रूममेटची, आणि दोघांची मिळून बँकेची. वाळवंटात आम्ही सीझनमध्ये आठ-दहा वेळा जातो, बाकीचे तीनशे पन्नास दिवस ट्यूबलाइटखाली जातात. यातलं काहीच खोटं बोललो नाही मी. फक्त बोललो नाही.

आणि तो चढही आता तो राहिलेला नाही. मी गेलो तेव्हा बीकॉम होतो, कामाचा अनुभव होता, ओळखीच्या माणसानं नोकरी ठरवून बोलावलं होतं. हा जातोय व्हिजिट व्हिसावर, तिकडे पोचल्यावर बघू म्हणून. वायरमनचं काम उन्हातलंही असू शकतं. तिकडे उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे, यावरूनच ते ऊन काय असेल याचा अंदाज करा.

ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी माउली एक दृष्टान्त देतात. वाटेनं आंधळ्याबरोबर डोळस चालतो, तसं जाणत्यानं नेणत्यासोबत चालावं आणि धर्म आपल्या आचरणातून दाखवावा. किती वेळा वाचलाय हा! मी नेहमी स्वतःला आंधळ्याच्या जागी ठेवायचो, म्हणजे नम्रता वाटायची. या खेपेला डोळसाच्या जागी ठेवून बघितलं आणि बेचैन झालो. डोळस पुढे आहे, पण त्याला त्याच्या वेगानं चालता येत नाही. खड्डा त्याला दिसतो, तो टाळून पुढे जाणं एवढं त्याला पुरत नाही, बोलावं लागतं. इथे खड्डा आहे. आणि हे ओझं त्यानं मागितलेलं नाही, कुणी नेमणूक केलेली नाही. त्याला दिसतं, एवढ्यावरूनच ते आलं.

श्रेष्ठ म्हणजे मोठा नव्हेच बहुतेक. ज्याच्या खुणा आत्ता कुणाच्या तरी समोर आहेत, तो.

काल संध्याकाळी भावाला गाडीवर मागे बसवून बाभळीच्या बंधाऱ्याकडे गेलो. लहानपणापासून गोदावरी बघतोय, पण मे महिन्यात तिच्याकडे बघवत नाही. उघड्या पात्रात ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या पडल्यात. वाळूच ती, पण हिच्यावर खेळायला कुणी येत नाही, भरून न्यायला येतात. बंधाऱ्याची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, खाली तेलंगणाकडे पाणी जाऊ द्यायचं, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी सोडायचं. गावात यावर रागानं बोलणारे खूप आहेत, आणि त्यांची तहानही खरी आहे. पण बाबा एकदा म्हणाले होते, आपल्याही वर नाशिक-नगरची धरणं आहेत, त्यांच्याकडे आपण कोणत्या तोंडानं मागतो? नदीत जो वर असतो त्याला खालच्याचं बघावं लागतं, आवडो न आवडो.

तिथे काठावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. बंक, तीन महिने, आईला सांगितलेलं बँकेचं कारण, गाडीचे हप्ते. टेकाडाचीही गोष्ट, मुलगी रडत होती तिथपर्यंत. मला वाटलं होतं त्याचे डोळे उघडतील, वगैरे. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दादा, तू गेलास तवा तुला कुणी सांगितलं व्हतं का हे? तरी गेलासच ना. आता वर चढून बसलास आणि खाली बघून मला सांगायलास, चढ वाईट हाय म्हणून."

मी म्हणालो, "जाऊ नको असं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणायलास?"

माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. त्याचं बोलणं लागलं, कारण ते निम्मं खरं आहे. पोचलेल्या माणसाला मागच्यांसाठी वाट बंद करणं फार सोपं जातं, आणि ते काळजीच्या नावाखाली करता येतं. स्वधर्माचा श्लोकही याच अध्यायात पुढे आहे आणि मला तो त्याच्या तोंडावर फेकता आला असता, आपलं गाव, आपली शेती. पण शारजात राहणाऱ्यानं धर्माबादेतल्या पोराला स्वधर्म शिकवायचा, हे मलाच ऐकवेना. त्याला इथे काम नाही, हेही खरंच आहे की. सोयाबीनला भाव नाही, वायरिंगची उधारी सुटत नाही.

बराच वेळ गप्प बसलो. मग तो म्हणाला, "एजंटनं पावती दिलेली नाही."

मग मात्र मला बोलता आलं. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला सरकारी नोंदणी लागते. ती 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येते. असा नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. एक लाख वीस हजार नाही. आणि अमिरातीच्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारायलाच मनाई आहे. नोकरीचं ऑफर लेटर निघायच्या आधी हातात हवं, कंपनीचं नाव, पगाराचा आकडा लिहिलेलं. हे सगळं मला सात वर्षांपासून माहीत आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरात कुणी निघालं असेल तर तुम्हीही बघा.

तो म्हणाला, "हे जानेवारीत सांगितलं असतंस तर?"

परत येताना आम्ही दोघंही बोललो नाही. रात्री त्या फोटोखालची ओळ मी बदलली. काढून टाकावा असंही वाटलं होतं, पण तो दिवस खरंच सुंदर होता आणि ते खोटं ठरवायचं कारण नाही. आता तिथे लिहिलंय: तिसऱ्या खेपेला चढलो, मागची गाडी माझ्यामुळे अडकली होती. सकाळपर्यंत दोन जणांनी विचारलंय, काय झालं, अकाउंट हॅक झालं का.

आज अकराला आम्ही दोघं त्या एजंटकडे जाणार आहोत. पैसे परत मिळतील की नाही सांगता येत नाही. काका काहीच बोलत नाहीत, ते जास्त जड जातंय. भावाचा पासपोर्ट देवघरात पादुकांशेजारी ठेवलाय, काकूनं त्याला हळदीकुंकू लावलंय. तो तिथून उचलायचा की नाही, हे तो ठरवेल. मी फक्त कागद वाचायला सोबत जातोय, आणि मंगळवारी मी परत निघालो तरी फोन चालू राहील.

उद्याचं वाचन: श्लोक २७ पासून. एजंटच्या दारात बराच वेळ बसावं लागलं तर कदाचित आजच होईल.

राम कृष्ण हरी.